यिए रोन यांची केळ्याची मोहीम

हकीकत ऐसी जे, शके एकोणीसशे चौतीस, नंदननाम संवत्सरी, श्रावण शुद्ध सप्तमी, बुधवार, ते दिवशी कंबोडिया मुलखी ताकेओ प्रांतातील मौजे प्रेय चाम्बाक येथील मातुश्री यिए, म्हणजे आजी, रोन, उमर वर्षे एकाहत्तर, यांनी एक केळे बरोबर घेऊन राजधानी नोम पेन्हवर स्वारी केली, आणि मार्गी दोन चौक्या, एक कुलूपबंद संदूक आणि कायद्याची कलमे आडवी आली असता हिंमत न सोडिता मोहीम तडीस नेली, त्याचा मजकूर गावच्या वडील मंडळींनी लिहून ठेवण्यास फर्माविले, सबब लिहिला आहे. यात लेखकाने पदरचे काही घातले नाही. काही उणे असेल तर ते मोहिमेतील सोबती ता, म्हणजे आजोबा, सुओन यांच्या विसरण्यामुळे, आणि काही अधिक असेल तर तेही ता सुओन यांच्यामुळेच. एका केळ्यासाठी एवढा कागद खर्चिला याचे ज्यांस नवल वाटेल, त्यांनी आधी मूळ कलह जाणून घ्यावा.

छत्तीस वर्षांमागे त्या मुलखी काळ्या वस्त्रांच्या लोकांचे राज्य होते. तख्तावर कोण बसला ते रयतेस कळले नाही. हुकूम सुटे तो 'संघटने'चे नावे सुटे, आणि संघटनेस ना तोंड ना पत्ता, मग अर्जी करावी तरी कोणाकडे? संघटनेने फर्माविले की घरोघरच्या चुली मोडाव्या, भांडीकुंडी जमा करावी, अन्न सर्वांचे एक, ते सर्वांनी एकत्र बसोन खावे, आणि जो कोणी एकटा खाईल तो राज्याचा वैरी समजावा. धरणे आणि भात या खात्याचे वजीर प्रुम खोएन यांनी या हुकमावर सही केली, आणि मग मुलखात जेवण म्हणजे कोमट पाणी आणि त्यात चुकलेली चार शिते, ऐसा बंदोबस्त जाहला. तेव्हा रोनची थोरली बहीण पोव धरणाचे कामावर तापाने फणफणली होती, आणि तिने एके दुपारी आपल्याच जुन्या परसातील, आपणच लाविलेल्या झाडाचे एक केळे तोडिले. सोलिले, तोंडाशी नेले, इतक्यात दोघे जण आले आणि "चल, शिकवणीला जायचंय" म्हणोन तिला घेऊन गेले. केळे चिखलात पडले. पोव शिकवणीहून परत आली नाही, आणि रोनने त्या दिवसापासून केळे तोंडास लाविले नाही.

पुढे ते राज्य मोडले आणि वजीर रानात पळाले, मग शरण आले, मग घरी नातवंडे खेळवीत बसले, आणि कित्येक वर्षे त्यांस कोणी काही पुसले नाही. अखेरीस विलायतेच्या आणि इकडल्या मुत्सद्द्यांची बहुत रदबदली होऊन राजधानीबाहेर इन्साफाची कचेरी उभी राहिली, देशी आणि परदेशी न्यायाधीश तांबडे झगे घालून बसले, आणि वजीर प्रुम खोएन, वय वर्षे शहाऐंशी, यांस आरोपी म्हणोन हजर केले. रयतेने हा इन्साफ डोळ्यांनी पाहावा म्हणोन कचेरीतून गावोगाव बसगाड्या धाडण्याचा परिपाठ पडला, आणि एके दिवशी तो निरोप प्रेय चाम्बाकासही आला.

निरोप येताच विहाराच्या ओसरीवर खलबत बसले. ता सुओन, उमर अठ्ठ्याहत्तर, जिभेचे सरदार, यांनी प्रथम तोंड उघडिले.

"बघून काय करणार गं रोन? आता आपल्यासारखाच झाला असेल तो. टकला न् बोळका."

"बघायला कोण जातंय? मी खायला चाललेय."

"अगं, जेवण तेच देतात. डब्यात भात आणि तळलेला मासा. शेजारच्या गावचे दोनदा जाऊन आले, माशासाठी."

"मासा तुम्ही खा, दादा. मी केळं नेणार. त्याच्या पुढ्यात बसणार, सोलणार आणि खाणार. पोवचं राहिलंय ते."

यावर ओसरीवर कोणी हसले नाही. ता सुओनही हसले नाहीत, आणि गावच्या स्मरणात ऐसे प्रथमच घडले. मग मंडळींनी मसलत केली की केळे कोणते न्यावे. कोणी म्हणाले जाड सालीचे न्यावे, वाटेत चेंगरणार नाही. कोणी म्हणाले लांब न्यावे, दुरून दिसेल. मातुश्रींनी सर्वांचे ऐकोन घेतले आणि कोणाचेही मानिले नाही, आणि लहानसे, अंड्याएवढे, सुवासिक जातीचे केळे निवडिले, कारण पोवच्या झाडास तीच जात लागत असे. ते मंगळवारी हिरवे असावे आणि बुधवारी पिकावे, यासाठी तांदळाच्या मडक्यात घालोन दिवसातून चार वेळा दाबोन पाहिले. बुधवारी पहाटे केळे पिकले, आणि मातुश्रींनी ते चौकड्याच्या पंचात गुंडाळोन कमरेस बांधिले, आणि तीन बसगाड्यांनिशी गाव कूच करता जाहला.

कचेरीच्या वेशीवर पहिली चौकी. तेथे एक कमान उभी केली होती, जिच्याखालून जाता अंगावरील लोखंड बोंबलत असे, आणि पलीकडे स्रेलिएप नामे चोवीस वर्षांची शिपाईण पिशव्या झाडीत होती. तेथे गावाची मोठी लूट जाहली. पानसुपारीचे डबे, चुन्याच्या डब्या, पाठीचे मलम, अडकित्ते, विड्या, चिकट भाताच्या नळ्या, ऐसा बहुत सरंजाम जप्त होऊन संदुकीत पडला आणि ज्याचे त्यास पितळी बिल्ले मिळाले. ता सुओन यांचे तर कमानीने तीन वेळा नाव घेतले. शेवटी उजव्या गुडघ्यातील सळई निघाली, ती मात्र त्यांजकडेच ठेविली. मग मातुश्रींची पाळी आली.

"आजी, हे आत नाही नेता यायचं."

"का? फुटतं की काय ते?"

"खायचं काहीच न्यायचं नाही. नियम आहे."

"कुणाचा?"

"वरच्यांचा."

"बाळ, तेव्हाही वरच्यांचाच होता," मातुश्री बोलल्या.

स्रेलिएपचे कान लाल जाहले. तिने केळे दोन्ही हातांनी, जसे वडिलांस काही द्यावे तसे घेतले, आणि संदुकीत सर्वांच्या वर, चेंगरणार नाही ऐसे ठेविले आणि बिल्ला दिला. परंतु घेतले. छत्तीस वर्षांचा बेत, आणि तो पहिल्याच वेशीवर एका पोरीने, तेही अदबीने, मोडावा, याचे मातुश्रींस फार वाईट वाटले.

"काय रोन, केळं कैदेत आणि वजीर खुर्चीत?" ता सुओन यांनी खोचकपणे पुसले.

"गप्प बसा. गुडघा वाजतोय तुमचा."

मग मंडळी दिवाणखान्यात दाखल जाहली. पाचशे खुर्च्या, प्रत्येक खुर्चीस कानास लावावयाचे यंत्र, आणि समोर भिंतीएवढी काच. मातुश्रींनी पहिली रांग धरिली. एक शाळामास्तर तेथे बसला होता, त्यास अशा नजरेने पाहिले की तो आपणच उठला. नऊ वाजता पडदा सरकला. काचेपलीकडे तांबडे झगे, काळे झगे, कागदांचे ढिगारे, आणि डावे हातास, मांडीवर पांघरूण घेतलेला, एक म्हातारा. हाच तो. मातुश्रींस वाटले होते की पाहताच अंग पेटेल. प्रत्यक्षात त्यांस इतकेच वाटले की याचा सदरा कोणीतरी छान इस्त्री केला आहे, आणि या विचाराचाच त्यांस मग राग आला.

तेव्हा वजिराचा वकील उभा राहिला आणि अर्जी करिता जाहला की आमचे अशिलाची पाठ दुखते, बसवत नाही, सबब त्यांस तळघरातील खोलीत गादीवर पडोन, चित्रपेटीवर आपला इन्साफ पाहण्याची परवानगी व्हावी. फिर्यादी पक्षाने हरकत घेतली. वैद्यास बोलाविले, वैद्य म्हणाला पाठ आहे तशी आहे. मुख्य न्यायाधीशांनी डावीकडे कान दिला, उजवीकडे कान दिला, आणि फर्माविले की आरोपीने दुपारी बारापर्यंत येथेच बसावे आणि जेवणानंतर खाली जावे. यानंतर एक साक्षीदार धरणावरील टोपल्यांविषयी बोलू लागला, परंतु मातुश्रींच्या कानी पुढले काही शिरले नाही. बारापर्यंत. आणि केळे वेशीवर.

अकरास वीस मिनिटांची सुटी जाहली, पडदा पडला, आणि मंडळी अंगणात आली. अंगणात एका चौथऱ्यावर लोखंडी सोट्याच्या देवाचे ठाणे आहे. हा देव कडक. साक्षीदारांनी साक्षीपूर्वी त्यापुढे शपथ घ्यावयाची, आणि त्यापुढे जो खोटे बोलेल तो सोट्याने, वाघाने किंवा अपघाताने मरतो, ही गोष्ट तेथे लहान मूलही जाणते. कचेरीचे कारकून देवापुढे रोज सकाळी फुले, पाणी आणि केळ्यांची एक फणी ठेवितात. मातुश्रींनी ती फणी पाहिली आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या.

ता सुओन यांच्याही ध्यानी आले. "रोन, नको हां. देवाचं आहे ते."

"चोरतेय का मी? मागून घेणार. उदबत्ती जळली की देवाचं जेवण झालं. मग उरलेलं माणसाचं. तुमची आई करायची तेच."

"उदबत्ती जळायला अर्धा तास लागतो. आपल्याकडे आहेत पंधरा मिनिटं."

"मग तुम्ही काहीतरी करा की!"

मातुश्रींनी देवापुढील पुड्यातील सर्वांत बुटकी उदबत्ती निवडोन लाविली आणि हात जोडोन उघड बोलल्या, "बाबा, मी रोन. माझ्या बहिणीचं एक केळं राहिलंय. त्यांनी माझं बाहेर ठेवून घेतलं. तुमच्यातलं एक द्या. पुढच्या महिन्यात अख्खी फणी आणते." आणि ता सुओन यांनी, देवास घाई केल्याचे पाप आपल्या माथी न येता वारा तेवढा लागावा, या बेताने, जणू स्वतःस उकडते आहे ऐसे दाखवोन टोपीने पंखा घालण्यास आरंभ केला. आणि राख पडू लागली. आणि आत घंटा जाहली, आणि लोक परतू लागले, आणि मातुश्री हलल्या नाहीत. काडी उरली तेव्हा त्यांनी वाकोन, क्षमा मागोन, फणीच्या कडेचे एक केळे सोडविले. ते आपल्या जातीचे नव्हते. जाड, ओबडधोबड, बाजारी केळे होते. परंतु युद्धात जे घोडे मिळेल त्यावर बसावे लागते, म्हणोन घेतले.

दिवाणखान्याच्या दारी दुसरी चौकी. तेथे पिसेत नामे शिपाई, पोट सुटलेला, चेहरा भला. त्याने पंचावर हात ठेविला आणि थांबला.

"आजी, काय आहे हे?"

मातुश्री खोटे बोलू शकत नव्हत्या. देवाचे ठाणे मागे वीस पावलांवर, आणि सोटा तेथून दिसत होता.

"केळं," त्या बोलल्या. "देवाचं. मागून घेतलंय."

पिसेत मोठ्या पेचात पडला. खाद्यपदार्थ आत सोडावा तर नोकरी जाते. देवाच्या प्रसादावर जप्ती आणावी तर त्याहून मोठे काही जाते. त्याने केळ्यापासून हात काढोन घेतला आणि खांद्यावरील बिनतारी यंत्रातून आपल्या नाइकास वर्दी दिली. पलीकडे बराच वेळ खरखर जाहली. मग नाइकाचा निवाडा आला की: प्रसाद हातात आहे तोवर प्रसाद होय, सबब आत जाऊ द्यावा, तोंडात जाताच तो खाद्यपदार्थ होतो, सबब खाण्यास बंदी, आणि ऐसे होणार नाही याची हमी घ्यावी. इतका बारीक निवाडा तांबड्या झग्यांनी त्या सबंध वर्षात दिला नव्हता, ऐसे जाणते लोक म्हणतात.

"मग आजी, आत खाणार नाही ना?" पिसेतने पुसले.

येथे मोहीम बुडाली होती. खाणार म्हणावे तर केळे जाते, खाणार नाही म्हणावे तर सोटा पडतो. तेव्हा ता सुओन पुढे जाहले, आणि जन्मभर ज्या जिभेने लोकांस नकोसे केले तिचा त्यांनी त्या दिवशी उद्धार केला.

"अरे, तिला विचारतोस काय? तोंड उघड गं रोन. बघ, मोज. किती दात आहेत?"

मातुश्रींनी तोंड उघडिले. पिसेतने वाकोन पाहिले.

"चार," तो म्हणाला.

"झालं तर मग," ता सुओन बोलले.

यात खोटे अक्षर नव्हते. केळ्यास दात लागत नाहीत हे पिसेतास ठाऊक नव्हते काय? त्याच्या घरीही म्हातारी असेलच. परंतु त्याने मातुश्रींच्या तोंडाकडे पाहिले, मग केळ्याकडे, मग छताकडे, आणि दार उघडोन धरिले.

अकरा वाजोन एकतीस मिनिटे. पहिली रांग. वजीर जागेवर, चष्मा नाकावर, नजर कोठेच नाही. मातुश्रींनी पंचा सोडिला आणि केळे काचेसमोर, मांडीवर धरिले, आणि मग एक गोष्ट जाहली जी कोणाच्याच हिशेबी नव्हती. त्यांस भय वाटले. देठ मोडेना, आणि त्यांनी मान वळवोन मागे पाहिले. मागे पाचशे माणसे कानास यंत्रे लावोन बसली होती, आणि दाराशी पिसेत उभा होता, आणि तरीही त्यांस वाटले की दोघे जण येतील आणि म्हणतील, चल. एकाहत्तर वर्षांची बाई, इतके पाहिलेली, केळ्यास भ्याली. ता सुओन हे पाहत होते. त्यांनी आपला हात मातुश्रींच्या हातावर ठेविला आणि देठ दोघांनी मिळोन मोडिला.

मग मातुश्रींनी साल खाली ओढिली, तीन पट्ट्यांत, आणि पहिला घास घेतला.

वजिराने मान वर केली. काचेपलीकडून त्याने प्रथम बाईस पाहिले, मग केळ्यास पाहिले, आणि केळ्यावरच नजर ठेविली. पाहता पाहता त्याचे गालफड हलले. मग तो वाकला आणि आपल्या वकिलाच्या कानी काही बोलला. वकील उभा राहिला. साक्षीदार बोलता थांबला. पिसेत दारापासोन दोन पावले पुढे आला, आणि मातुश्रींनी जाणले की आता हुकूम येणार, या बाईस उठवा, बाहेर न्या. घास त्यांच्या तोंडात तसाच राहिला. ना गिळवे, ना थुंकवे. त्यांनी मनात ठरविले की आता मात्र हातातले पडू द्यावयाचे नाही.

कानाच्या यंत्रात वकिलाचा आवाज आला.

"हुजूर, माझे अशील विचारतात की जेवणाची वेळ झाली का. त्यांना भूक लागली आहे."

मुख्य न्यायाधीशांनी डावीकडे कान दिला, उजवीकडे कान दिला, आणि फर्माविले: "जेवण बारा वाजता, सर्वांना एकाच वेळी. तोवर कुणालाही मिळणार नाही. आरोपीने बसावे."

आणि वजीर प्रुम खोएन, ज्यांचे सहीने मुलखाच्या चुली मोडिल्या, त्यांनी दोन्ही हात जोडोन न्यायाधीशांस नमस्कार केला, आणि बसले, आणि पुनः केळ्याकडे पाहू लागले. त्यांस ते बाईचे तोंड, तो गाव, ते धरण, काही आठवले की नाही, ते लिहिता येत नाही. नुसतीच भूक लागली असेल.

मातुश्रींनी घास गिळिला. डोळ्यांतून पाणी चालले होते ते पुसले नाही, कारण हात गुंतला होता. ता सुओन यांनी हळूच पुसले, "कसं आहे?"

"तुरट आहे," मातुश्री बोलल्या. "बाजारी आहे. गप्प बसा, मला खाऊ द्या."

पिसेत त्यांच्या रांगेपाशी येऊन उभा राहिला, परंतु पाठ मातुश्रींकडे आणि तोंड मागील लोकांकडे, हात मागे बांधिलेले, जसा कोणी मोलाच्या वस्तूवर पहारा करितो. आणि मातुश्रींनी ते केळे, जे एरवी चार घासांत संपावे, ते खाण्यास बाराचे टोले पडेपर्यंत वेळ घेतला. साक्षीदार टोपल्यांविषयी, मातीविषयी, मेलेल्यांविषयी बोलत होता, आणि त्या खात होत्या. कोणी आले नाही. कोणी शिकवणीला चल म्हटले नाही. बारास एक मिनिट असता शेवटचा घास गेला, आणि घंटा जाहली, आणि वजिरास दोघे जण दंडास धरोन खाली जेवावयास घेऊन गेले.

पुढे त्या खटल्याचा निकाल काय लागला तो कचेरीच्या दफ्तरी आहे, ज्यास पाहणे असेल त्याने तेथे पाहावा. या बखरीचा तो विषय नव्हे. येथे इतकेच नमूद केले आहे की, शके एकोणीसशे चौतीस, श्रावण शुद्ध सप्तमी, बुधवार, दोन प्रहरी, रुजू साक्षी ता सुओन आणि शिपाई पिसेत, पोव, राहणार मौजे प्रेय चाम्बाक, हिचे केळे खाऊन पुरे जाहले.